तुम्ही विचारलंत म्हणून: जे वाक्य लिहून संपत नाही, त्याचा अभ्यास कशाला?

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी ज्या तर्कशास्त्रात रमते, त्यात क्रमाने मोजता येतील अशी अनंत विधानं ‘आणि’ किंवा ‘किंवा’ लावून एकाच विधानात जोडता येतात. ‘प्रत्येक’ आणि ‘कोणीतरी’ मात्र एका दमात मोजक्याच वेळा. असं वाक्य कागदावर कधीच पुरं होणार नाही, हे खरं. पण ते काय करतं ते पाहा.

विल्यम क्रेग यांनी 1957 मध्ये साध्या, सान्त (कुठेतरी संपणाऱ्या) वाक्यांच्या तर्कशास्त्रासाठी सिद्ध केलं, की एका विधानातून दुसरं निघत असेल तर दोघांच्या मधलं एक तिसरं विधान सापडतंच: पहिल्यातून ते निघतं, त्यातून दुसरं, आणि त्यात दोघांच्या सामायिक चिन्हांखेरीज काही नसतं. मला या प्रमेयाचं फार अप्रूप आहे. दोघांनी आपापले खासगी शब्द बाजूला ठेवले, तरी युक्तिवादाचा दुवा तुटत नाही!

अनंत वाक्यांत हे टिकेल असं वाटत नाही, कारण तिथे संहतता (यादीचा प्रत्येक सान्त तुकडा खरा होऊ शकत असेल, तर सगळी यादीही एकत्र खरी होऊ शकते, हा गुण) नाहीशी होते. ‘ही वस्तू क1, क2, क3… यांपैकी एक आहे’ आणि ‘ती क1 नाही’, ‘क2 नाही’, अशी न संपणारी यादी घ्या. यादीचा कुठलाही सान्त तुकडा खरा होऊ शकतो, सगळी यादी एकत्र कधीच नाही. तरीही लोपेझ-एस्कोबार यांनी 1965 मध्ये मधलं विधान इथेही मिळतं हे दाखवलं.

आणि इथे मला रशियन गणिती निकोलाय लुझिन दिसतात. बोरेल संच म्हणजे साध्या संचांवर क्रमाने मोजता येतील इतक्या वेळा ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ करून बांधलेले; विश्लेषी संच म्हणजे बोरेल संचांच्या सावल्या. एकमेकांना न छेदणारे दोन विश्लेषी संच एका बोरेल संचाने वेगळे करता येतात, हे त्यांचं 1920 च्या दशकातलं प्रमेय. त्यात तर्कशास्त्राचा शब्दही नाही. पण नैसर्गिक संख्यांवरची प्रत्येक रचना (म्हणजे तिथे चिन्हांना दिलेला अर्थ) एका अवकाशातला बिंदू मानली, तर समरूप (घटकांची नावं बदलली की एकच ठरणाऱ्या) रचनांमध्ये भेद न करणारे बोरेल संच म्हणजे नेमके आमच्या अनंत विधानांनी सांगता येणारे संच. खासगी चिन्हं विसरली, की पहिलं विधान खरं करणाऱ्या आणि दुसरं खोटं करणाऱ्या रचना हे दोन न छेदणारे विश्लेषी संच होतात; मधलं विधान हीच ती वेगळं करणारी भिंत. माझ्या लेखी, या वाक्यांना अर्थ आहे याचा याहून मोठा पुरावा नाही.

‘मग आणखी लांब वाक्यं, क्रमानेही मोजता न येतील इतकी विधानं जोडणारी, का नाही?’ हेही विचारता. समजा, पहिलं विधान म्हणतं: प्रत्येक घटक क1, क2, क3… यांपैकी एक आहे. दुसऱ्यात ड-नावं अगणनीय (अशी क्रमाने न मोजता येणारी) आहेत, आणि ते म्हणतं: यांतली कुठली तरी दोन नावं एकाच घटकाची आहेत. घटक गणनीय, नावं अगणनीय, तेव्हा पहिल्यातून दुसरं निघतंच. सामायिक उरतं फक्त बरोबरीचं चिन्ह. पण ‘आणि’, ‘किंवा’ कितीही लांबवले, तरी नुसत्या बरोबरीने गणनीय अनंत संच आणि अगणनीय संच यांत फरक सांगता येत नाही. म्हणजे मधलं विधान पहिल्या प्रकारच्या संचात खरं ठरलं, की दुसऱ्यातही खरं ठरणार. आणि तिथे तर सगळी ड-नावं वेगवेगळ्या घटकांना देता येतात, म्हणजे दुसरं विधान खोटं पाडता येतं. मधलं विधान नाहीच.

ते हवं असेल तर ‘असे पहिला, दुसरा, तिसरा… घटक आहेत, की त्यांपलीकडे कोणी नाही’ असं म्हणावं लागतं, म्हणजे ‘कोणीतरी’ एकाच दमात अनंत वेळा. तिथे दुसरंच तर्कशास्त्र सुरू होतं.