हरिहरेश्वर ते रत्नागिरी: तीन खाड्या, एक दिवस

नकाशावरचे किलोमीटर मोजून ‘दुपारचं जेवण रत्नागिरीत’ असा बेत आखू नका. सागरी मार्गाने हा आख्खा दिवसाचा प्रवास आहे. सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्या आडव्या येतात. म्हणजे बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशी तीनदा गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवर चढवायची. उरलेला रस्ता सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो, पुन्हा खाडीकडे उतरतो. ताशी सरासरी 25 ते 30 किलोमीटरच धरा आणि प्रत्येक खाडीला तासभर वेगळा ठेवा. पाणी ओलांडायला थोडाच वेळ लागतो, खरा वेळ जातो तो रांगेत. मोबाइलच्या नकाशात ‘फेरी टाळा’ चालू राहिलं, तर दाभोळहून तो तुम्हाला चिपळूणमार्गे शंभरावर किलोमीटर फिरवून आणेल. पावसाळ्यात मात्र बोट चालू आहे ना, हे सकाळीच फोन करून विचारा.

सगळ्यात महत्त्वाची भरती-ओहोटी. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास आधी-नंतर, म्हणजे दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण, हिशोब तोच. अमावास्येला पौर्णिमेसारखे पंधरा धरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं.

ओहोटीला धक्क्याचा एरवी पाण्याखाली असणारा, शेवाळलेला भाग उघडा पडतो. बोटीची फळी आणि उतार यांच्यातला कोनही तीव्र होतो. भरलेल्या सेडानचा पुढचा बंपर किंवा मागचा सायलेन्सर इथेच घासतो. चालक सोडून सगळ्यांना आधीच उतरवा, मागची बाजू बोटभर तरी वर येते. पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ गतीने चढा. ओल्या भागावर मध्येच थांबलात तर चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी मागे सरकते. गाडी उलटी घ्यायची की सरळ, हे खलाशी सांगेल तसं. बोटीवर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद करा.

हाच हिशोब वाटेतल्या हेदवीलाही कामी येतो. तिथल्या बामणघळीतलं, म्हणजे कातळातल्या अरुंद भेगेतलं उसळतं पाणी भरतीलाच पाहण्यासारखं. ओहोटीला नुसता कातळ दिसतो. मात्र उधाणाच्या दिवशी मुलांना कडेपासून लांबच ठेवा.

खाडीकडे उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं ही सगळ्यात वाईट सवय. चढायला जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. सतत पाय ठेवून ब्रेक तापले की जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. वास आला की सपाट जागी थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि वीसेक मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते. गावातल्या गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली, तर चढणाऱ्याला वाट द्यायची.

मुलांना गाडी लागते ती बहुतेकदा चालकामुळे. वळण सुरू होण्याआधीच ब्रेक संपवा, वळणात दाबू नका. मोबाइल काढून घ्या, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. औषध डॉक्टरांना विचारून निघण्याआधी अर्धा तास द्यावं. उलटी सुरू झाल्यावर त्याचा उपयोग नाही. आवळासुपारी जवळ असू द्या.

पेट्रोल दापोलीत भरून घ्या. गुहागर परिसरातल्या घरगुती खाणावळीत सकाळीच माणसं मोजून जेवण सांगून ठेवा. आयत्या वेळी ताट मिळेलच असं नाही. सुटे पैसे हवेतच, कारण रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

जयगडला साडेचारपर्यंत उतरलात तर आरे-वारेच्या किनाऱ्यालगतचा कड्यावरचा रस्ता उजेडात मिळतो. तिथे वाळूत गाडी घालू नका. चाकं रुततात आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही. रत्नागिरीत पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खारं पाणी आणि तांबडी माती बसून राहिली की गंज आधी सायलेन्सर आणि नटबोल्टांनाच पकडतो.