चढा बोलणारा बाजा

"दादा, अस्सल लंडनचा आहे. पणजोबांच्या वेळचा. दोन लाख तरी यायला पाहिजेत," असं म्हणत त्या पोराने गोणपाटातला युफोनियम, म्हणजे तोंडाने फुंकायचा मोठा पितळी बाजा, माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला. त्याच्या घरचं बँडपथक आहे, लग्नसराईत अजून सुपाऱ्या घेतात.

"लंडनचा" हे मी नेहमीच ऐकतो. निघतो बहुतेक मेरठच्या जली कोठीतला, म्हणजे तिथल्या बाजेवाल्यांच्या बाजारातला. त्यात कमीपणा काही नाही, आपल्या वराती त्यांच्याच बाजांवर निघतात. पण लंडनचा म्हणून विकायला आणलेल्या बाजाच्या भोंग्यावर 'लंडन'चंच स्पेलिंग चुकलेलं मी पाहिलंय.

या बाजावरची अक्षरं मात्र जवळजवळ गेलेली. पोराच्या काकांनी दिवाळीत बफ मारून, म्हणजे चाकावर घासून चकचकीत करून, आणला होता म्हणे. सोन्यासारखा चमकत होता आणि मला रडू येत होतं. दुकानातला दिवा बंद केला, बॅटरी भोंग्याला अगदी चिकटवून तिरकी धरली. तेव्हा सावलीत ओळी उठल्या: हॉक्स अँड सन, डेनमन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस. म्हणजे १९३० च्या आधीचा. त्या वर्षी बूझी आणि हॉक्स या दोन कंपन्या एक झाल्या, आणि त्यानंतरच्या मालावर दोघांचं जोडनाव येतं. वाकणाच्या बेचक्यात, जिथे बफचं चाक पोचलं नाही, तिथे चांदीचा मुलामाही शिल्लक होता.

खालची ओळ लहान होती. पोराला म्हटलं, तूच वाच. त्याने एकेक अक्षर लावलं: '११६ मराठाज'. या नावाची पलटण फक्त १९०३ ते १९२२ एवढीच होती. आधी ती १६वी बॉम्बे इन्फंट्री, आणि नंतर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. पलटणीने वय एकोणीस वर्षांच्या चिमट्यात पकडून दिलं.

"हा माळ्यावर का टाकला होता?" मी सहज विचारलं.

"आजोबा म्हणायचे, चढा बोलतो. बाकीच्यांत बसत नाही."

इथे मला खरी मजा आली. ब्रिटिश लष्करी बँड तेव्हा उंच पट्टीत वाजायचे, 'ए' स्वर ४५२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, आसपास. आज तो ४४०. फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा, म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्मा. मी फुंकून स्वर मोजणारा ट्यूनर लावला, काटा थेट उजवीकडे, म्हणजे चढा. मुख्य स्लाइड, म्हणजे स्वर उतरवायला बाहेर ओढायची सरकती नळी, शेवटापर्यंत ओढली तरी पुरेना. आजोबांनी ज्याला खोड म्हटलं, ती त्याच्या जन्माचीच निशाणी होती.

मग किमतीचं. स्वर बदलायला बोटांनी दाबायचे पिस्टन बाहेर काढले. दोघांवर बाजाचाच नंबर, तिसरा कोरा, कुठूनतरी आणून बसवलेला. ते परत बसवून प्रत्येकाची स्लाइड थोडी बाहेर ओढली आणि मग पिस्टन दाबला: पहिल्या दोन्हींना 'फट्' असा आवाज, तिसरा मुका, म्हणजे हवा गळते. भोंग्याच्या मानेला जुन्या डागडुजीच्या कथलाचा जाड डाग.

"वाजवणाऱ्याला हा नको," मी सांगितलं. "त्याला नवा मेरठचा बरा. लष्करी वस्तू जमवणारा भेटला तर माझ्या अंदाजाने वीस-पंचवीस हजार, आणि तेसुद्धा त्या लहान ओळीचे. बफ मारला नसता तर आणखी मिळाले असते. बाजारात नुसत्या वयाला भाव नाही."

त्याचा चेहरा पडला. भंगारवाला पितळेच्या भावाने मागतोय म्हणाला. मी म्हटलं, त्याला दाखवूसुद्धा नकोस.

थोडा वेळ तो त्या ओळीवर नख फिरवत बसला. "हा आमच्या पथकात वाजेल असं करता येईल?"

येतं. मूळ नळी कापून जोड देणारे आहेत, मी कापत नाही. जास्त लांबीची वेगळी स्लाइड बनवून देतो, जुनी जपून ठेवायची. तिन्ही पिस्टनच्या स्लाइडही थोड्या बाहेर ठेवाव्या लागतील आणि तिसरा पिस्टन नव्याने बसवावा लागेल. खर्च सांगितला.

"हजार कमी करा ना दादा," तो म्हणाला, "सैन्याचा आहे."

पाचशे केले.