घुबडाचा पत्ता पुसताना

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला दोन गोष्टींची भारी हौस असते. पक्षी कोणता ते सांगायची आणि कुठे दिसला ते सांगायची. घुबडाच्या बाबतीत ही दुसरी हौस आवरावी लागते. शृंगी घुबड काड्या जमवून घरटं बांधत नाही. कड्याच्या कपारीत, ओढ्याच्या उंच काठावर, आणि आमच्या नागपूरच्या आसपास बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानीत ते उघड्या जमिनीवरच अंडी घालतं. तिथे पोचायला शिडी लागत नाही, नुसता पत्ता कळला की झालं. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे लोक आपल्याकडे आजही आहेत. १९७२ चा वन्यजीव कायदा त्यांना ठाऊक नसतो असं नाही, पर्वा नसते.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्यानिमित्त एका शाळेला आमच्या ग्रुपचे फोटो हवे होते. अट अशी की फाईल मूळ आकाराची हवी, काढल्याची तारीख शाबूत हवी, फोटोग्राफरचं नाव हवं. भिंतीवर मोठे प्रिंट लागणार होते आणि फाईली मुलांना पेनड्राईव्हवर वाटायच्या होत्या. म्हणजे त्या पुढे कुठे कुठे जातील याला काही धरबंध नाही. माझ्या संग्रहात जानेवारीतल्या खदानीतल्या घुबडांचे फोटो होते. कुठली खदान ते इथेही सांगणार नाही.

माझा कॅमेरा निकॉनचा पी ९००. ८३ पट झूममुळे पक्षीवाल्यांत तो चांगलाच चालला. त्यात जीपीएस आतच बसवलेलं आहे आणि ते मी मुद्दाम सुरू ठेवते, कारण कुठल्या वळणावर काय दिसलं हे सहा महिन्यांनी मला आठवत नाही, फोटोला आठवतं. फोटोच्या फाईलमध्ये चित्रासोबत ही जी माहिती जाते ती लिहायची पद्धत, म्हणजे एक्झिफ, जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं १९९५ मध्ये ठरवली. शटर, ॲपर्चर, तारीख, आणि जीपीएस असेल तर अक्षांश-रेखांश. अक्षांशाचा एक सेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर, आणि कॅमेरा त्या सेकंदाचेही तुकडे लिहितो. फाईल उघडून पाहिली तेव्हा कळलं की नुसती खदान नव्हे, तिची कुठली भिंत हेसुद्धा त्यात आहे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मावशी, एवढं काय करून राहिली? व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठव ना, सगळं निघून जाते." खरंच निघून जातं. फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि त्यात लोकेशन उडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मात्र सगळं जसंच्या तसं पलीकडे पोचतं, आणि "क्वालिटी चांगली राहते" म्हणून आमच्या ग्रुपवर सगळे डॉक्युमेंटच पाठवतात! शिवाय नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू जेमतेम १६०० पिक्सेल उरते. १८ इंचांच्या प्रिंटला इंचामागे ८९ ठिपके. मूळ फाईलची लांब बाजू ४६०८ पिक्सेलची आहे. आणि तारीखही जाते ती वेगळीच. स्क्रीनशॉटचंही तेच.

विंडोजमध्ये फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तळाशी वैयक्तिक माहिती काढण्याची ओळ असते. एक-दोन फोटोंसाठी हे उत्तम आहे, काही उतरवून घ्यावं लागत नाही. काय काय काढायचं ते खुणा करून निवडता येतं, किंवा सगळं काढलेली वेगळी प्रत बनवता येते. मला मात्र काही ठेवायचं होतं, काही काढायचं होतं, आणि एक गोष्ट दुरुस्त करायची होती. त्यासाठी फिल हार्वे यांचं एक्झिफटूल घेतलं. २००३ पासून चालत आलेलं, फुकट, आणि दिसायला एक काळी खिडकी. बटण नाही, चित्र नाही, हुकूम टाईप करायचा. भाचा मागे उभा राहून बघत होता. "हे तं बाबाच्या जमान्यातलं दिसते," म्हणाला.

दुरुस्त करायचं होतं ते घड्याळ. भाचा हा कॅमेरा सिंगापूरला घेऊन गेला होता, आणि परत आल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ सिंगापुरातच राहिलं. घुबड संध्याकाळी कपारीतून बाहेर येऊन बसलं तो फोटो फाईलमध्ये २०:३५ चा दिसत होता, आणि मागे आकाशात लख्ख उजेड. जानेवारीत नागपूरला रात्री साडेआठला उजेड कुठून येणार? सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे हे माहीत होतं, पण सगळे फोटो तेवढेच पुढे आहेत याची खात्री कशी करायची? खात्री जीपीएसनंच करून दिली. जीपीएसची वेळ फाईलमध्ये वेगळी लिहिलेली असते, ती उपग्रहाकडून येते आणि नेहमी जागतिक वेळेत असते. त्या फोटोत ती १२:३५ होती. त्यात साडेपाच तास मिळवले की १८:०५. कॅमेरा अडीच तास पुढे, तंतोतंत.

म्हणून कुणी लोकेशन पुसायला बसत असेल तर आधी घड्याळ तपासा. जीपीएस पुसलं की त्यासोबत हा साक्षीदारही जातो.

फाईलमध्ये तारखा एक नाही, तीन असतात: फोटो काढल्याची, डिजिटल झाल्याची आणि शेवटच्या बदलाची. एक्झिफटूलमध्ये 'ऑलडेट्स' या नावानं तिन्ही एकदम हलवता येतात. त्यापुढे वजा, बरोबर आणि २:३० असं लिहिलं की सगळे फोटो अडीच तास मागे. ही दुरुस्ती मूळ फाईलींमध्येच केली, कारण चुकलेली वेळ जपून ठेवण्यात काय अर्थ आहे? त्यानंतर पूर्ण फोल्डरची प्रत केली, आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर.

एका फोटोवर आधी "सगळं पुसा" हा हुकूम देऊन पाहिला. फोटो आडवा झाला! कॅमेरा उभा धरून काढलेल्या फोटोत चित्र आडवंच साठवलेलं असतं आणि "हे फिरवून दाखवा" अशी सूचना एक्झिफमध्ये असते. तीही पुसली गेली आणि घुबड कुशीवर निजलं. सरसकट पुसण्यात सोय वाटते, पण त्यात दिशा जाते, तारीख जाते, नाव जातं, आणि रंगांचं प्रोफाईल जोडलेलं असेल तर तेही जातं. त्यामुळे निवडून पुसायचं ठरवलं.

जीपीएसचा गट पुसणं एका ओळीचं काम. पण तेवढ्यानं भागत नाही, ही मला या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली. तेच अक्षांश-रेखांश एक्सएमपी नावाच्या दुसऱ्या कप्प्यातही असू शकतात. फोटो सुधारायच्या लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमधून गेला असेल तर गावाचं नाव आयपीटीसी नावाच्या तिसऱ्या कप्प्यात सापडतं. आणि कंपनीचा स्वतःचा एक कप्पा असतो, मेकरनोट. निकॉनच्या मेकरनोटमध्ये ठिकाणाच्या नावासाठी वेगळी जागा आहे. जीपीएस पुसलं तरी तिला धक्का लागत नाही. त्यातली एखादी नोंद एक्झिफटूलला वेगळी उपटता येत नाही, पूर्ण कप्पाच काढावा लागतो. शाळेच्या प्रतीतून मी तो काढून टाकला. भिंतीवर लावायच्या फोटोला फोकस कुठल्या बिंदूवर होता हे कशाला हवं?

यात भाच्याला एक खोडी सुचली. "पुसतेस कशाला? आपल्या सीताबर्डीच्या बाजाराचे आकडे टाकून दे. शोधू दे लोकांना मेन रोडवर घुबड." मलाही हसू आलं. पण ग्रुपमधले एक काका, वनखात्यातून निवृत्त झालेले, संध्याकाळी आले होते, त्यांना हे मुळीच आवडलं नाही. त्यांनी रानपिंगळ्याची, म्हणजे एका लहान घुबडाची गोष्ट सांगितली. हा पक्षी १८८४ नंतर कुणालाच खात्रीलायक दिसला नव्हता. मात्र मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश माणसाच्या संग्रहात एक नमुना होता, चिठ्ठीवर १९१४, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर विसंबून लोकांनी तिकडे शोध घेतला, काही मिळालं नाही. पुढे उघड झालं की नमुना संग्रहालयातून चोरलेला होता, चिठ्ठी खोटी होती आणि पक्षी मुळात दुसऱ्याच कुणीतरी गोळा केला होता. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी मग जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी गेले, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात नंदुरबारकडे शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. आता आपल्या मेळघाटातही त्याची नोंद आहे. काका भाच्याला म्हणाले, "पत्ता झाक. पण खोटा लिहू नको बाप्पा. शंभर वर्षांनी कोणी तुझा फोटो खरा मानून बसला तं?"

भाचा गप्प झाला. मीही मनातल्या मनात सीताबर्डी खोडली.

पुसून झाल्यावर लिहायचं काम उरलं. कलाकार आणि हक्क या जागी माझं नाव, आणि फोटोच्या वर्णनात "शृंगी घुबड, नागपूर जिल्हा". जिल्हा पुरे आहे, तो खराही आहे. पण काळ्या खिडकीत मराठी टाईप केलं की फाईलमध्ये प्रश्नचिन्हांची रांग उमटायची. उपाय असा निघाला की हुकूम खिडकीत न लिहिता युटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) साठवलेल्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहायचा आणि एक्झिफटूलला ती फाईल वाचायला सांगायची. मजकूर एक्सएमपीच्या कप्प्यात ठेवला, तिथे देवनागरी सुखानं राहते. फोल्डरचं नाव मराठीत असलं तर एक्झिफटूलला ते सापडत नव्हतं, म्हणून ते इंग्रजी अक्षरांत केलं. करतानाच लक्षात आलं की जुन्या नावात खदानीशेजारचं गाव होतं. फाईलच्या आतली माहिती राहिली बाजूला, पत्ता दारावरच लिहिलेला.

चित्राचंही तसंच. एका फोटोत घुबडामागे पाण्याची टाकी दिसत होती, तिच्यावर ग्रामपंचायतीचं नाव. ती मी कापली. पण एक्झिफमध्ये चित्राची एक पिटुकली प्रत असते, आणि मी ज्या जुन्या एडिटरमध्ये कापाकापी केली त्यानं ती बदललीच नव्हती. टाकी तिथे ठणठणीत उभी. नाव वाचता येत नव्हतं, पण ओळखीच्या माणसाला टाकीचा आकारही पुरतो. ती पिटुकली प्रतही पुसली.

एक्झिफटूल दर बदलाआधी जुनी फाईल बाजूला ठेवतं, तिच्या नावाच्या शेवटी 'ओरिजिनल' असं जोडून. सवय चांगली आहे, पण फोल्डर तसंच पेनड्राईव्हवर टाकलं असतं तर सगळे अक्षांश-रेखांश शाळेत पोचले असते. पेनड्राईव्हआधी त्या प्रती काढल्या आणि मग प्रत्येक फाईल पुन्हा वाचून घेतली. जीपीएस शोधलं, गावाचं नाव शोधलं, काही आलं नाही.

मूळ फाईली, दुरुस्त वेळेसह आणि पूर्ण पत्त्यासह, वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत. काकांच्या मते वनखात्याला कधी लागल्या तर तशाच लागतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर नोंद टाकतानाही खरेच आकडे देते. घुबडाची जागा मी तिथे स्वतः झाकून ठेवते, मग इतरांना नकाशावर ती मोघमच दिसते. कॅमेऱ्याचं जीपीएस अजून सुरूच आहे. यजमानांच्या आयफोनवर मात्र कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी बंद करून टाकली, कारण फोटो शेअर करताना वरच्या ऑप्शन्समध्ये जाऊन लोकेशन काढायचं असतं हे त्यांना कितीही वेळा सांगितलं तरी ते आधी फोटो पाठवतात आणि मग विचारतात.