कॅननबॉल ॲडर्ली: आधी मालक, मग साथीदार, पुन्हा मालक

सोलापुरात सॅक्स हाती आला आणि चार लग्नं वाजवून झाली, की स्वतःची बँड पार्टी काढायचे वेध लागतात. अशांनी ऑल्टो सॅक्स वाजवणाऱ्या अमेरिकन जॅझवाल्या कॅननबॉल ॲडर्लीची वाटचाल जरूर पाहावी. फ्लोरिडातला हा शाळेचा बँडमास्तर १९५५ मध्ये न्यूयॉर्कला आला, गाजला आणि भाऊ नॅटला घेऊन लगेच ग्रुप काढून बसला. वादनात खोट नव्हती, पण पैशांचा हिशेब जुळेना. ग्रुप मोडला. १९५७ च्या अखेरीस तो ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसकडे साथीला गेला. तिथे शेजारी टेनर सॅक्सवर (ऑल्टोपेक्षा खालच्या सुराचा) जॉन कोल्ट्रेन! माइल्सचा १९५९ चा अल्बम ‘काइंड ऑफ ब्लू’ याच काळातला.

त्यातला ‘फ्रेडी फ्रीलोडर’ साथीदारीच्या अभ्यासाला उत्तम. बी-फ्लॅटचा ब्लूज (बारा बारची ठरलेली जॅझ चाल); बी-फ्लॅट म्हणजे काळी पाच. सॅक्सवर सुराचं नाव एक आणि ऐकू येणारा सूर दुसरा, म्हणून ऑल्टोवर तो जी पासून धरायचा, टेनरवर सी पासून. बारा बार, प्रत्येकी चार मात्रा, एकूण ४८: तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. सम पहिल्या, पाचव्या आणि नवव्या बारला येते, आणि ऑल्टोच्या हिशेबाने कॉर्डही (एकत्र वाजणारे स्वर) तिथेच जी, सी, डी असा सरकतो. फसगत होते ती अकराव्या-बाराव्या बारला. सवयीने बोटं जी वर परततात, ही चाल मात्र एफ वर जाते. तबलजीला नुसता ठेका धरायला सांगून हे घोटावं. साधा मेट्रोनोम (टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र) सम दाखवत नाही.

साथीदाराची दुसरी चूक म्हणजे गायकाच्या ओळीवर वाजवणं. ओळ संपल्यावर दोन बार भरायचे आणि पुढचा शब्द यायच्या आत श्वासासकट बाहेर. त्याच अल्बममधल्या ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये तर कॅननबॉल वाजवतच नाही. आपल्याकडे हे कमीपणाचं वाटतं, त्याला काय करणार!

१९५९ मध्येच माइल्सला सोडून त्याने पुन्हा नॅटबरोबर क्विंटेट (पाच जणांचा ग्रुप) उभा केला, आणि या वेळी तो टिकला. चाली फक्त स्वतःच्याच हव्यात हा हट्ट त्याने धरला नाही. ‘दिस हिअर’ पियानोवाल्या बॉबी टिमन्सची, तीन मात्रांची. १९६६ ची ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ पियानोवाल्या जो झाविनुलची, इलेक्ट्रिक पियानोवर बेतलेली. शिवाय तो पुढची चीज काय आहे हे माइकवर गप्पा मारत सांगायचा. आपले बँडमास्तर नुसती बोटाने खूण करतात, आणि निम्मा बँड आधीच्याच गाण्यात राहतो.