फळा न पुसता घेतलेला तास

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलनांवर, प्रभातफेऱ्यांवर, मुख्याध्यापकांच्या शिस्तीवर लिहिणारे पुष्कळ असतील आणि त्यांनी लिहावेच. मला मात्र शाळा म्हटले की इंग्रजीचे सर आठवतात. त्यांचे नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसते ‘सर’ म्हटले की ते एकच.

१९८०च्या दशकातली आमची आठवी. भूमितीचा तास संपला होता आणि फळ्यावर वर्तुळ तसेच होते, त्यात एक जीवा काढलेली. सर आत आले, त्यांनी डस्टर हातात घेतले आणि परत ठेवून दिले. जीवेवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “ह्याला इंग्रजीत काय म्हणतात?” ‘कॉर्ड’ हे उत्तर आम्हाला पाठ होते. मग त्यांनी खिशातून सुतळीचा तुकडा काढला. “आणि ह्याला?” कोणी रोप म्हणाले, कोणी स्ट्रिंग, कोणी थ्रेड. सरांनी सगळे शब्द फळ्यावर लिहिले आणि पूर्ण तास त्या एका वर्तुळाभोवती घेतला.

वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य आणि त्याची दोन टोके सांधणारी दोरी म्हणजे जीवा, हे भूमितीच्या पुस्तकाने आम्हाला कधी सांगितले नव्हते. ते इंग्रजीच्या सरांनी सांगितले. भूमितीतल्या कॉर्डचे मूळ ग्रीक आहे आणि तिथे त्याचा अर्थ आतडे, आतड्याची तात. वाद्याला लावायची ती तात आणि आमच्या वर्तुळातली रेघ एकाच घरच्या. शुल्बसूत्रांतला ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच, यज्ञवेदी मापायची. लाइन हा शब्दही लॅटिनमधल्या जवसाच्या दोऱ्यावरून आला. गवंडी लाइनदोरी बांधून भिंत सरळ उचलतो, तीच जगातली पहिली सरळ रेषा, असे सर म्हणाले. पुढे दहावीत ‘साइन’ आणि ‘कोसाइन’ आले तेव्हा सरांनी मला मधल्या सुट्टीत थांबवून त्या तासाचा राहिलेला भाग सांगितला. आपली जीवा अरबीत ‘जीबा’ झाली, स्वर न लिहिण्याच्या पद्धतीमुळे पुढे ती ‘जैब’ अशी वाचली गेली, जैब म्हणजे वस्त्राची घडी, आणि लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी तिचे ‘सायनस’ केले. धनुष्याची दोरी अशी फिरत फिरत आमच्या त्रिकोणमितीत परत आली होती. मी गणितात पुढे टिकलो तो त्या सुट्टीमुळे, असे मला आजही वाटते.

पण त्या तासाचे खरे सोने ‘स्ट्रिंग’ शब्दात होते. सरांनी तो फळ्याच्या मधोमध लिहिला आणि मराठी शब्द आमच्याकडून काढून घेतले. धनुष्याची असेल तर प्रत्यंचा. सतारीची असेल तर तार. मोत्यांची असेल तर सर. घेवड्याच्या शेंगेची असेल तर शीर, आई भाजी मोडताना ओढून काढते ती. पिंगुळीच्या ठाकरांच्या बाहुल्या नाचवणारे ते सूत्र, म्हणून सूत्रधार. एका इंग्रजी शब्दाला एवढी नावे आपल्याकडे आहेत, हे आमचे आम्हालाच नवीन होते. मग सर उलटे वळले. “आता तुमच्या घरातल्या दोऱ्या सांगा.” शेतकऱ्यांच्या मुलांनी दावे, कासरा, वेसण, चऱ्हाट सांगितले. कोणी शिंके म्हणाले, कोणी कडदोरा. काथ्या वळणाऱ्या घरातल्या मुलीने सुंभ सांगितले आणि पीळ कसा भरतात ते हातांनी करून दाखवले. वर्गात कधी तोंड न उघडणारा रापणकरांचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांचा, मुलगा त्या दिवशी उभा राहिला. होडी जाळे सोडत अर्धवर्तुळ घेऊन किनाऱ्याला येते आणि दोन्ही टोकांचे दोर माणसे कशी ओढतात, हे तो बराच वेळ सांगत होता. सर खुर्चीवर बसून ऐकत होते आणि वहीत लिहून घेत होते. मुलगा बोलतोय आणि सर लिहून घेताहेत, हे दृश्य आपल्या शाळेत मी एकदाच पाहिले. शेवटी ते म्हणाले, “समानार्थी शब्द परीक्षेपुरते. कासऱ्याने गाय बांधाल आणि दाव्याने बैल हाकाल काय?”

मी जहाजावर गेलो तेव्हा हे वाक्य बरोबर होते. बोसन, ज्याला जुने खलाशी सारंग म्हणतात, त्याने पहिल्याच दिवशी सांगितले की गुंडाळी असते तोवर तो रोप, कामाला लागला की लाइन. धक्क्यावर आधी फेकायची ती बारीक हेविंग लाइन, तिच्या मागून जाड हॉजर. लाइफबोटीच्या नाकाला बांधलेला दोर पेंटर. झेंडा चढवायचा तो हॅलियार्ड. शिडाचे टोक आवरणारा दोर म्हणजे शीट, इथे शीट म्हणजे कापड नव्हे. धक्क्याला लागताना हेड लाइन पुढे जाते, स्टर्न लाइन मागे, ब्रेस्ट लाइन आडवी आणि स्प्रिंग जहाजाला पुढेमागे सरकू देत नाही. ह्यांत चुकीचे नाव घेतले तर चुकीचा दोर सुटतो, आणि ताणलेला दोर तुटून उलटा फिरला तर वाटेतला माणूस जिवंत राहत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१मध्ये जहाजावरच्या बोलण्याची ठरावीक इंग्रजी वाक्ये मंजूर केली, तेव्हा त्यांत समानार्थी शब्द मुद्दाम टाळले. ते वाचून मी सरांना लांबलचक पत्र लिहिले होते. बंदराबंदरांतून मी त्यांना नवा शब्द कळवायचो आणि त्यांचे पोस्टकार्ड यायचे. त्यात मजकूर थोडा आणि प्रश्न एकच असायचा: तो दोर काम काय करतो? पुढे मी चीफ ऑफिसर झालो, मग कॅप्टन. आता किनाऱ्यावर आलो आहे आणि नव्या मुंबईत कॅडेटना शिकवतो. मुलांनी दोराचे नाव सांगितले की माझ्याही तोंडून सरांचाच प्रश्न निघतो.

मागच्या खेपेला शाळेत आलो होतो. इमारत देखणी झाली आहे, संगणक आहेत, त्याचा आनंद आहे. पण एका मुलाच्या कार्यपुस्तिकेत स्ट्रिंग, रोप, कॉर्ड, थ्रेड हे चारही शब्द एका रांगेत आणि त्यांच्यापुढे ‘दोरी’ एवढाच अर्थ पाहिला आणि फार वाईट वाटले. त्या मुलाला सुंभ ठाऊक नव्हता. त्याला दोष कसा देणार? गोठे रिकामे झाले, बैल गेले, त्यांच्याबरोबर कासरा गेला. सुंभाच्या जागी नायलॉन आला आणि निळी असो वा हिरवी, सगळ्यांचे नाव नायलॉनची दोरी. समोर समुद्र असलेल्या शाळेत तरी असे व्हायला नको होते.

सर आज नाहीत. त्या तासाला फळ्यावर जमलेले सगळे शब्द माझ्या आठवीच्या वहीत आहेत. ते नीट उतरवून, प्रत्येकापुढे त्या दोराचे काम लिहून, मी शाळेच्या ग्रंथालयाला देतो आहे. शेतीची आणि घरातली पाने बऱ्यापैकी भरली आहेत, होडीची आणि रापणीची पाने अपुरी आहेत. ज्यांच्या घरी अजून रापण ओढलेली वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी त्यांना विचारून शब्द स्मरणिका समितीकडे लिहून पाठवावेत. नुसते नाव नको, तो दोर कुठे बांधतात आणि कोण ओढतो, हेही लिहावे.