आमची वाटचाल : आधी मीटर, मग बॅटरी

दापोलीतून हर्णै बंदराकडे जाताना आमचं गाड्यांच्या बॅटरी-वायरिंगचं दुकान लागतं, चिऱ्याची एक खोली आणि पुढे पत्र्याची शेड. सुरुवातीला शेडही नव्हती, एक लाकडी टेबल, टेस्ट लॅम्प, सोल्डरिंग गन आणि पान्यांची पेटी एवढ्यावर काम चालू केलं. त्याआधी सात वर्षं कुर्ल्याला एका उस्तादांच्या हाताखाली डायनामो खोलायला शिकलो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पण इकडे गिऱ्हाईक डायनामोच म्हणतं आणि मीही तेच लिहितो. कार्बन बदलणं, स्लिप रिंग साफ करणं, बेअरिंग टाकणं, डायोड प्लेट तपासणं, सगळं हातात बसलेलं, त्यामुळे गावी आलो तेव्हा वाटलं आता काय अडणार आहे.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये, मासेमारीची बंदी उठून बंदर नुकतंच सुरू झालेलं, एक काका त्यांची पिकअप घेऊन आले. हर्णैहून म्हावरं भरून मुंबईला न्यायचे. म्हणाले सेल्फ जड मारतो आणि रात्री लाईट पिवळी पडते. मी बॅटरीवर मीटर लावला, ११.९ व्होल्ट दाखवला, बॅटरी तीन वर्षांची, म्हटलं काका ही बसली, नवी टाकू. टाकली. सेल्फ आधीपेक्षा बरा मारायला लागला, ते खूश, मीही खूश. पाचव्या दिवशी पहाटे फोन, गाडी कशेडी घाटात उभी. रात्रभर पाऊस, वायपर, हेडलाईट, ब्लोअर सगळं चालू, लाईट मंद होत होत शेवटी इंजिनच बंद पडलं. "बर्फ वितळतोय रे, माझं म्हावरं गेलं," एवढंच ते दोनदा म्हणाले. आणि खरंच गेलं, दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली होती.

गाडी टोचन करून आणली. डायनामो उतरवला, खोलला, काहीच खराबी नाही, परत बसवला. मग रात्री एकटाच बसलो, इंजिन चालू, हेडलाईट आणि ब्लोअर चालू, आणि पहिल्यांदा नीट जागोजागी मीटर लावला. डायनामोच्या मेन टर्मिनलवर, म्हणजे टर्मिनल ते त्याचीच बॉडी, १४.३. बॅटरीवर १२.९. मग मधले १.४ व्होल्ट जातात कुठे? डायनामोच्या टर्मिनलपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजलं, ०.१, म्हणजे ती वायर चांगली. डायनामोच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, १.३! खाली वाकून इंजिन ते चासीची अर्थिंग वायर हाताने धरली तर गरम. वरून काळं कव्हर एकदम शाबूत. ब्लेडने कापलं तर आतून हिरवी पूड गळाली, पन्नासएक तारांतल्या सात-आठ शिल्लक होत्या. हौद्यातलं बर्फाचं खारं पाणी घाटउतारावर चासीवरून पुढे येत असणार आणि लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या कडीच्या, तोंडातून आत शिरत असणार. सेल्फ जड मारत होता तोही ह्याच वायरमुळे, बॅटरी बिचारी नुसती उपाशी होती.

काकांना बॅटरीचे पैसे परत दिले, मालाच्या नुकसानीतले अर्धे हप्त्याने फेडले, दीड वर्ष लागलं. ते पैसे घेत नव्हते, मीच घ्यायला लावले. दुकानाची खरी सुरुवात मी त्या रात्रीपासून धरतो.

त्यानंतर ठरवलं की मीटर लावल्याशिवाय बॅटरी विकायची नाही, घाई असली तरी नाही. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरी १२.६ च्या आसपास हवी, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५, पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेला आणि बॅटरीचं पाणी उकळून उडतंय असं समजा. मग सगळा लोड टाकून, म्हणजे लाईट, ब्लोअर सगळं चालू करून, प्लस आणि मायनस दोन्हीकडचा ड्रॉप, म्हणजे वायरीत वाया जाणारे व्होल्ट, ०.२ च्या वर असेल तर टर्मिनल आणि लग खोलायचे. मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायनामोतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेला जाऊ देणारा पार्ट, बघायचा, कारण डायोड लीक झाला की गाडी उभी असताना रात्रभर बॅटरी डायनामोतूनच उतरते आणि लोक उगाच म्युझिक सिस्टीमला शिव्या घालतात. आणि हात जोडून सांगतो, चालू इंजिनमध्ये बॅटरीचं टर्मिनल काढून "डायनामो चार्ज करतोय का" बघू नका, आम्हीही कुर्ल्यात करायचो, जुन्या गाड्यांत खपून गेलं, आताच्या गाडीत त्या एका झटक्यात ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो.

२०२० साल विसरणं शक्य नाही. मार्चपासून लॉकडाऊनमध्ये गाड्या जागच्या जागी उभ्या, त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, आमची शेड उडाली, पत्रे वाडीत सापडले. कित्येक दिवस वीज नव्हती, लोकांनी गाडीच्याच बॅटरीवर मोबाईल चार्ज केले आणि त्या पार उतरल्या. तेव्हा नव्या बॅटऱ्या भरपूर विकता आल्या असत्या, पण माडपोफळी आडव्या झालेल्या माणसाला काय विकायचं. भाड्याने जनरेटर आणला आणि सावकाश चार्जिंग लावलं, ३५ एएच, म्हणजे ३५ अँपियर-अवर क्षमतेच्या बॅटरीला साडेतीन अँपियर, रात्रभर आणि दुसरा दिवसही. सगळ्या उठल्या नाहीत, पण बऱ्याच उठल्या. बायको वहीत नाव लिहून प्रत्येक बॅटरीला चिठ्ठी चिकटवायची, तिथपासून हिशोब आणि पार्टची ऑर्डर तीच बघते.

बीएस सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या गाड्या, आल्यावर परत शिकावं लागलं. ह्यातल्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग ईसीएम ठरवतो, कधी १२.८ दिसतं, ब्रेकवर उतरताना १४.८, त्यामुळे एकदा मीटर बघून डायनामो बाद करता येत नाही, स्कॅनर लावून लोडवर बघावं लागतं. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे सारखा सेल्फ मारणं सोसणारी बॅटरीच लागते, साधी टाकली तर स्वस्त पडते पण लवकर बसते. स्कॅनर घेताना कर्ज काढलं, भीती वाटली होती, पण आता दोन पोरं माझ्याबरोबर आहेत आणि दोघंही माझ्यापेक्षा पटापट चालवतात.

गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा दुकानापुढे रांग लागते. मुंबईत महिनाभर उभी असलेली गाडी, त्यात डॅशकॅम लावलेला, मग हायवेला तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये एसी, वायपर, हेडलाईट आणि चार मोबाईल. आयडलिंगला डायनामो पूर्ण करंट देऊच शकत नाही, मग घरी पोचून रात्री बंद केलेली गाडी सकाळी चालू होत नाही. निम्म्यांना बॅटरी लागतच नाही, टर्मिनल गरम पाण्याने धुवायचे, घासायचे, घट्ट करायचे, वरून पेट्रोलियम जेली, बेल्ट सैल असेल तर ताणायचा.

काकांची पिकअप आता त्यांचा मुलगा चालवतो. दरवर्षी जुलैच्या शेवटी, बोटी निघायच्या आधी, तो गाडी आणून लावतो आणि आम्ही अर्थिंग वायर काढून बघतो. आता कल्हई केलेल्या तारेची टाकलीय, दोन्ही लगवर सोल्डर आणि गरम करून बसवलेली स्लीव्ह. परवा सगळा लोड टाकून मोजलं, ०.०८ आलं. काका शेडमध्ये स्टुलावर बसले होते, त्यांनी चष्मा लावून मीटर स्वतः वाचला.