नाही सोडवलं, तरीही

रविवार, रात्री उशिरा

आज आमच्या मंडळीच्या तरुण संघात पंडिता रमाबाई घेतल्या. पाळकसाहेबांनी महिन्याचा विषय दिलाय, ‘संकटात विश्वास’. बायबलमधली दानीएल आणि सिंहांच्या गुहेची गोष्ट मुलांना शब्बाथ शाळेपासून, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गापासून, पाठ आहे. मला जवळचं माणूस हवं होतं. केडगाव पुणे-दौंड मार्गावरच आहे, निम्म्या मुलांनी ते स्टेशन गाडीतून पाहिलेलं.

दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. पदरात लहानगी मनोरमा. सगळं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “पण ताई, हे सगळं त्या ख्रिस्ती होण्याआधीचं ना? नंतर देवानं सांभाळलं असेल.” बाप्तिस्मा १८८३ चा, म्हणजे त्याचा हिशेब बरोबर होता. म्हणून पुढचं सावकाश सांगितलं. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. मनोरमाबाई शिकून आईच्या कामात उभ्या राहिल्या, पुढे सगळा कारभार त्याच बघणार असं धरूनच सगळे चालले होते. आणि जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईच गेल्या. वय अवघं चाळीस.

वर्गात कुणी काही बोललं नाही. बाईंचं तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चाललं होतं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. आश्रमातल्याच बाया छापखान्यात खिळे जुळवायच्या. लेक गेल्यावरही बाईंनी ते काम सोडलं नाही. पुरं करूनच ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये.

तेवढ्यात संघातली एक मुलगी बोलली. तिचे पप्पा पावसाळ्यात गेले. बरेच महिने डायलिसिसवर होते. “आम्ही उपास धरून प्रार्थना केली होती ताई. एका काकांनी सांगितलं, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला.”

मला इतका राग आला! सोळा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर बापाच्या मरणाचं ओझं ठेवायचं आणि वर त्याला विश्वास म्हणायचं? बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र हेच करत होते, दोष त्याचाच म्हणत होते, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. रमाबाईंचा विश्वास कमी होता असं म्हणायची छाती कुणाची आहे? आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं स्वतः मागितलं होतं, हा प्याला टळू दे म्हणून. टळला नाही. मग काय, पुत्राचाही विश्वास कमी पडला?

हेच तिला सांगितलं, सगळ्यांसमोर. मग दानीएलाचा तिसरा अध्याय उघडायला लावला. शद्रख, मेशख, अबेद्‌नगो. हीही तरुण मुलंच, घरापासून लांब, परक्या राजाच्या चाकरीत. सोन्याच्या मूर्तीला नमन करा, नाहीतर भट्टीत टाकीन, असा राजाचा हुकूम. भट्टी पेटलेली असताना ती म्हणतात, आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, पण त्यानं नाही सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. भट्टीतून ती सुखरूप बाहेर आली हे आपण मुलांना रंगवून सांगतो. पण ‘नाही सोडवलं तरीही’ हे शब्द ती आत टाकली जायच्या आधीचे आहेत, पुढं काय होणार ते ठाऊक नसतानाचे. मुलांच्या हातात द्यायचं तर मला हेच द्यायचंय. प्रार्थना केली की नोकरी मिळते, पेपर सोपा जातो, आजार पळतो, एवढ्यावर वाढवलेला विश्वास पहिल्याच दवाखान्यात कोलमडतो. आणि दोष येतो पोरांवर.

पुढच्या रविवारी तेरावं स्तोत्र घेणार. दावीद तिथं देवाला सरळ विचारतो, किती दिवस मला विसरणार? आणि सहाच वचनांत गाण्यापर्यंत येतो. प्रत्येकाला आपापलं ‘किती दिवस’ वहीत लिहायला सांगीन. वाचून दाखवायची सक्ती नाही. देवापुढं रडायला, भांडायलाही जागा आहे, हे त्यांना आमच्या मंडळीत कळलं पाहिजे, नाहीतर ती रडायला दुसरीकडे जातील.

त्या मुलीच्या आजीचाही विचार डोक्यात आहे. पौलाचा तरुण सोबती तिमथ्य, त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असं पौल लिहितो. या आजीनं पोटचा पोरगा मातीला दिलाय, तरी त्यांच्या घरची संध्याकाळची प्रार्थना एक दिवस चुकलेली नाही. कधीकधी मधेच हुंदका येतो, थांबतात, मग पुढं चालू. त्यांना संघात बोलवायचंय. “मला कुठं बोलता येतं बाई,” म्हणणारच. भाषण नकोच आहे, घरी करतात तशी प्रार्थना केली तरी पुष्कळ. उद्या फोन करते, आणि पाळकसाहेबांच्याही कानावर घालते.